सोडत

मेसेज एकच आला.
दुपारचे दोन, उद्यमनगर, कोअर शॉप.
कोपरापर्यंत वाळू, बोटांना रेझिनचा वास,
म्हणून अक्काताईनं तिच्या बोटानं फोन उघडला:
आपल्या पाल्याची निवड झाली आहे.
पाल्याची.
एकवचन.

घरी पाल्य दोन.
ईश्वरी, आणि तिच्यामागून अकरा मिनिटांनी शर्वरी.
तारीख एक, पत्ता एक, उत्पन्नाचा दाखला एक,
अर्जात शाळासुद्धा त्याच, त्याच क्रमानं.
पंचवीस टक्क्यांच्या सोडतीत
कॉम्प्युटरनं एकीला उचललं.

निवडणं म्हणजे मला तांदूळ ठाऊक.
परातीत बोटं फिरतात, खडा दिसला की बाहेर.
तिथं बोटांनी निवडलं कोणाला,
खड्याला की तांदळाला,
हे आजवर मी विचारलं नव्हतं.

हे म्हणाले, "चालत आलीया संधी, पायानं कशाला ढकलायची?
एकीचं तरी होऊ दे."
ते 'तरी' रात्रभर उशाखाली टोचत राहिलं.

सकाळी महापालिकेच्या शाळेतल्या माणगावे बाई.
"दोघींना माझ्याकडंच ठेव गं, पट एकोणीसवर आलाय.
सगळ्यांना एक पुस्तक, एक फळा, एक खिचडी,
त्याशिवाय एक गाव कसं व्हायचं?"
पटलं मला. खरंच पटलं.
मग विचारलं, बाई, तुमचा मुलगा कुठल्या शाळेत?
बाईंनी चहावर फुंकर मारली.
चहा मघाशीच गार झाला होता.

ह्याच गावात एके काळी
पोर शाळेत घातलं नाही तर बापाला रुपया दंड होता.
आमच्या पणज्यानं तो भरलाय म्हणे, शिव्या घालत.
तेव्हा शाळा सक्तीची होती.
आता निवड सक्तीची आहे,
आणि दंड कोण भरतंय ते पावतीवर येत नाही.
फी माफ. बूट, टाय, बसचे महिन्याला अकराशे,
ते माफ नाहीत.

जूनमध्ये एक पिवळ्या बसनं गेली.
दुसरी माझं बोट धरून, तालमीवरून, दूध कट्ट्यावरून.
म्हशी चुकवता चुकवता तिनं विचारलं,
"मी अकरा मिनिटं उशिरा आले, म्हणून का?"

कोअर शॉपमध्ये आम्ही बायका पोकळी बनवतो.
पंपाच्या पोटात जिथून पाणी फिरायचं
तेवढ्या आकाराची वाळू.
भोवतीनं लोखंड ओततात,
गार झालं की आमची वाळू ठोकून पाडतात.
रिकामी जागा नेमकी राहिली, की नग पास.
साहेब म्हणतात, पेटी एकच पाहिजे,
दर नगाला वेगळं माप धरलं
तर पंप कुठल्याच विहिरीवर बसायचा नाही.
पोरी म्हणजे काय पंप नव्हेत, कळतं मला.
आणि सगळ्यांना एकाच पेटीतनं काढायचं म्हटलं
तरी पोटात कालवतं.
पण एकाच पोटातनं दोन मापं निघाली
आणि पट्टी माझ्या हातात नव्हती,
ह्याचं काय करू?

रात्री दोघी शाळा-शाळा खेळतात.
ईश्वरी टीचर. गळ्यात माझ्या ओढणीची टाय.
"सिट डाऊन!"
शर्वरी म्हणते, "मी खालीच बसलीया.
आमच्यात बाकं न्हाईत."
टीचरला पुढं काय म्हणायचं सुचत नाही.
मग ती पण खाली बसते.

चिंचोके मोजतात.
एक म्हणते नाइन, एक म्हणते नऊ,
दोघींचा आवाज चढतो.
मी भाकरी थापता थापता बघितलं,
आठच होते.
एक कॉटखाली गेला होता.
सांगितल्यावर दोघी एकदमच वाकल्या,
टाळक्यावर टाळकं आपटलं,
आणि जास्त कुणाला लागलं
ह्यावरनं अजून भांडतायत.